दोघी विहिणींचं मोठं आभाळ

येलदरी
४ डिसेंबर २०२५

॥ श्री ॥

चि. सौ. ज्ञानेश्वरीस, सासू दैवशालाचे अनेक आशीर्वाद वि. वि.

तुजं टॅबाचं पार्सल पोचलं. पोस्टमननं डबा हालवून इचारलं, मावशी, सुनंनं मिठाई धाडली का. मी म्हणले, आभाळ धाडलंय बाबा, हळूच खाली ठिव. त्यानं खरंच हळूच ठिवलं.

लहान आभाळाचा खेळ तर मी दिवाळीतच फोनवर जिंकला. चाळीस चांदण्या. चाळीसच्या चाळीस माज्या झाल्या तवा पडद्यावर फटाके उडाले. योगीराजला फोन केला तर तो म्हणला, आई, तू मशिनीला हारवलंस. मी म्हणले, लेकरा, तुज्या बापासंगं तीस वर्षं काढली, मशीन काय चीज हाय.

तुजं पत्र दोनदा वाचलं. मला समजलं ते असं. तुज्या हापिसात आता लहान आभाळाचं मोठं आभाळ करायलेत, हजारानं चांदण्या. पर खेळून बघणारी पोरं अर्ध्यातच उठून जायलेत. तुजे नागसेन सर म्हणतेत, गुढीपाडव्यापस्तोर कुणी हा खेळ शेवटाला नेला न्हाई तर मोठं आभाळ गुंडाळून ठिवायचं, अन् तुजी दोन वर्षं त्याच्यातच गुंडाळली जातेत. म्हून तू दोन बाया धरल्या. एका कोपऱ्यात मी, दुसऱ्या कोपऱ्यात तुजी आई, म्हंजी आमच्या पूर्णेच्या विहीणबाई. वा गं सून! सासू अन् आई एका आभाळात सोडून दिल्या अन् आपण पुण्यात जाऊन बसलीस.

फोनवर सांगू नका, पत्रात लिवा म्हणतीस, ते मला पटलं. फोनवर मी बरं हाय म्हणते अन् ठिवते. पत्रात माजं त्वांड बंद होत न्हाई.

आता माजं इचारणं ऐक. सगळीकडं ते काळं झाकण कामून घातलंय? त्याच्याखाली चांदण्या आधीच हायेत, का मी गेल्यावर तू आतून ठिवतीस? अन् पोरं उठून जातेत ती नेमकी कुठं? कंटाळून का भिऊन? आमच्या हितं पोरं कशाला कंटाळली की चुलते किशनराव म्हणतेत, खायला कमी पडलं. तसं तर न्हाई ना?

तुरी काढणीला आल्या. दुपारी माणसं जेवली की मी बांधावर बसून एक डाव खेळते. माया पातळ करू नको.

तुजी सासू
दैवशाला


पुणे
१३ डिसेंबर २०२५

ती. आत्याबाईंना, सूनबाईचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आधी ह्यांनी वाचलं आणि बाबांबद्दलच्या वाक्याला चहा अंगावर सांडला. म्हणाले, आईनं हे वाक्य बाबांसमोरही पन्नासदा म्हटलंय.

काळ्या झाकणाखाली सगळं आधीच आहे. खेळ सुरू होतानाच मशीन मूठभर बी फेकावं तशा आभाळभर चांदण्या टाकून देतं. कुठं काय पडलं ते मलाही माहीत नसतं. तुमचं जहाज जाईल तेवढंच उघडत जातं.

पोरं का उठतात ते मी दोन वर्षं शोधतेय. लहान आभाळात बघणं आणि जिंकणं बरोबरच संपतं. मोठ्या आभाळात सुरुवात फार गोड असते, रोज काहीतरी नवं दिसतं. पण शंभर-दोनशे चांदण्या ताब्यात आल्या की बघणं राहतं बाजूला आणि सकाळ-संध्याकाळ दोनशे घरी चूल पेटली का ते विचारत फिरणं उरतं. पोरं तिथंच खुर्ची सरकवतात. म्हणून मी सुभेदार केलेत. वीस-तीस चांदण्यांचा एक सुभा, त्यावर एक सुभेदार, तो तुमच्या वतीनं कारभार बघेल. पटला नाही तर काढून टाका.

अजून तीन गोष्टी मोठ्या आभाळात वेगळ्या आहेत, त्या लक्षात ठेवा. लांबची खबर उशिरा येते. तिकडं काही झालं तर इकडं सात-आठ डावांनी कळतं. राखणीला जहाज नसलेल्या चांदणीवर दुसऱ्याचं जहाज जाऊन उभं राहिलं की ती त्याची होते, मग तिथं तोफ उडो न उडो. आणि ज्याच्याकडं एकही चांदणी उरली नाही त्याचं राज्य संपलं, खेळ तिथंच थांबतो.

नागसेन सर वाईट माणूस नाहीत. ते म्हणतात, आभाळ मोठं केलं तर माणसाला त्यात काहीतरी मोठं मिळालं पाहिजे, नुसती जागा काय करायची. मला हे आभाळ आवडतं, आत्याबाई. दुसऱ्या कुणाला आवडेल का, तेवढंच कळत नाही.

उन्हात बांधावर जास्त बसू नका. दोघांवरची माया आहे तशीच राहू द्या.

तुमची
ज्ञानेश्वरी


येलदरी
२ जानेवारी २०२६

॥ श्री ॥

सौ. कस्तुराबाई विहीणबाईंस, दैवशालाचा रामराम वि. वि.

इंग्रजी नवं साल लागलं. व्याही दिनकररावांचे गुडघे कसे हायेत? रेल्वेत माणूस जलमभर उभा ऱ्हातो अन् पेन्शनीत बसून दुखवतो, असं कसं हो ते.

माज्या दोनशेवर चांदण्या झाल्या. तुमचं किती झालं ते इचारत न्हाई, लाजवायचं न्हाई मला. आधी मी एकेकीला नाव ठिवायची. आधी गावातली माणसं संपली, मग शेळ्या संपल्या, मग सोयरे सुरू केले. एका लालभडक चांदणीला तुमचं नाव दिलंय. जवळ जहाज नेलं की चटके बसतेत.

पुढं नावं द्यायचा कंटाळा आला अन् मी चार सुभेदार नेमले. त्यातल्या एकानं तीस चांदण्यांवर तोफाच तोफा करून ठिवल्या, दाणा पिकवायला एक न्हाई. निजामाच्या वक्ताचे सुभेदार असेच असायचे, आमचा आजा सांगायचा. मी त्याला काढला अन् तितल्या चांदण्या परत मपल्या हाताखाली घेतल्या. लेकीला सांगा तुमच्या, सुभेदार जरा बघून घ्यायला पायजेत.

आता खरी खबर. परवा माज्या पुढच्या जहाजाम्होरलं काळं झाकण सरकलं अन् एक निळी रेघ दिसली. बोट ठिवलं तर लिवलेलं, कस्तुराबाई यांची हद्द. माय गं! एवढ्या मोठ्या आभाळात, पायाखालची वाट दिसत न्हाई अशा काळोखात, माणूस कुणाच्या दारात निघावं तर विहिणीच्या!

मी माजा सगळा ताफा तुमच्या शिवंवर आणून उभा केलाय. आत येत न्हाई. कामून येईन? आमी पोराकडचे. आमचं वऱ्हाड शिवंवर उतरलं की तुमी सामोरं यायचं, गूळपाणी द्यायचं, मानानं आत न्यायचं. तवर माजं एक जहाज हलणार न्हाई. लग्नात उन्हात उभं केलं होतं ते इसरले न्हाई, तरी उदार मनानं अजून एक संधी देयलेय.

व्याह्यांना रामराम. राग धरू नका, धरला तर पत्रातून कळवा, वाचायला मजा येती.

तुमची
दैवशाला


पूर्णा
८ जानेवारी २०२६

॥ श्री गणेश ॥

गं. भा. दैवशालाबाईंस, कस्तुराबाईचा नमस्कार वि. वि.

पत्र वाचून दोन दिवस उत्तर लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण हे म्हणाले, लिही, नाहीतर त्या दुसरं पाठवतील.

वऱ्हाड तोफा घेऊन येतं का हो? माझ्या रेघेवर तुमची साठ जहाजं उभी आहेत, साठांचीही तोंडं माझ्याकडं. मी सकाळी पूजा करून खेळ उघडला आणि आधी ह्यांना हाक मारली. मीही माझी सगळी जहाजं आणून रेघेच्या आत उभी केलीत. गूळपाणी हवं असेल तर तोफा घरी ठेवून या.

आणि लग्नातलं किती वेळा काढणार? आम्ही तुम्हाला मारुतीजवळ उभं केलं नव्हतं. आम्ही पंचारती घेऊन निघालो होतो आणि रेल्वेचं फाटक पडलं. मालगाडी होती, अर्ध्यावर थांबली. तुमचे किशनराव ह्यांना म्हणाले, तुम्ही रेल्वेतले ना, मग उघडा फाटक. लेकीचं लग्न आहे म्हणून गाडी हलते का? ह्यांनी तीस वर्षांत नियमाबाहेर झेंडी दाखवली नाही. त्या दिवशी दाखवावी असं मला वाटलं होतं, ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

माझ्या चांदण्या एकशे चाळीस आहेत, सगळ्या नीटनेटक्या. मी सुभेदार ठेवला नाही. परक्या माणसाच्या हातात घर द्यायची आमच्यात पद्धत नाही. रोज एकेक बघते. सकाळचा वेळ सगळा जातो आणि पुढं जाऊन काही बघायचं राहूनच जातं, हे खरं.

लाल चांदणीचं नाव बदला. आपलेपणा टिकवून आहे, तुम्हीही टिकवा.

सौ. कस्तुराबाई


पुणे
१३ जानेवारी २०२६

ती. आत्याबाई आणि ती. आई, दोघींना सा. न. वि. वि.

दोघींना एकच पत्र दोन प्रती करून पाठवतेय, म्हणजे कुणाला कमी-जास्त लिहिलं असं होणार नाही.

नागसेन सरांनी काल तुमचा खेळ भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर लावला. एका रेघेच्या अलीकडं साठ जहाजं, पलीकडं पन्नास, आणि जवळजवळ दोन आठवडे कुणीही हललेलं नाही. त्यांनी विचारलं, मशीन अडकलंय का? मी म्हटलं, नाही सर, वऱ्हाड थांबलंय. त्यांना कळलं नाही. सगळं समजावून सांगितलं तेव्हा ते खूप हसले आणि मग हसायचे थांबून म्हणाले, पण यानं खेळ संपत नाही, ज्ञानेश्वरी.

आभाळाचा दोन-तृतीयांश भाग अजून झाकलेला आहे. तिकडं कुणी फिरकलेलंच नाही. तुम्ही दोघी त्या रेघेवर अशाच बसलात तर पाडव्याला माझ्याकडं दाखवायला काहीही नसेल. एकमेकींशी भांडा, तह करा, काहीही करा. फक्त हला.

ह्यांनी मधे पडायला नकार दिलाय. म्हणतात, आई आणि सासू यांच्या मधे उभं राहण्यापेक्षा मोठ्या आभाळात हरवलेलं बरं.

दोघींची माया हवी आहे, आणि दोघींचे डावही.

तुमची
ज्ञानेश्वरी


येलदरी
२९ जानेवारी २०२६

॥ श्री ॥

चि. सौ. ज्ञानेश्वरीस अनेक आशीर्वाद वि. वि.

हालले बाई. रागावू नको.

खरं सांगायचं तर तुजं पत्र पोचायच्या आधीच हालले होते. संक्रांतीला गल्लीतल्या बाया वाण घिऊन निघाल्या. माज्या दारावरून जाताना त्या आवाज बारीक करतेत, मला वाईट वाटू न्हाई म्हून. मला कशाचं वाईट वाटायलंय, पर त्यांच्या मनाला बरं वाटतंय तर वाटू दे. मी ओसरीवर आभाळ उघडून बसले. त्या साठ जहाजांकडं बघितलं अन् मनात आलं, दैवशाले, तू हितं रेघेवर उभी ऱ्हायलीस मानासाठी, अन् मागं एवढं मोठं काळं पडलंय ते कोण बघणार?

मग मी सगळी जहाजं काढली. विहीणबाईला कळवलं न्हाई. बसू दे चार दिस रिकाम्या रेघेकडं बघत. घरच्या चांदण्यांवर राखणीला होती ती बी काढली. विहीणबाई तिखट हायेत, पर दुसऱ्याच्या घरात शिरणाऱ्या न्हाईत. एकेक जहाज एकेका दिशेला सोडलं. धा-बारा जहाजांचं पुढं काय झालं ते कळलंच न्हाई. तू म्हणालीस तसं लांबची खबर उशिरा येती, अन् काहींची येतच न्हाई.

ज्ञानेश्वरी, काय काय ठिवलंयस गं आत! एका ठिकाणी सगळं पाणीच पाणी असलेली एक चांदणी, जमीन नावाला न्हाई. मी येलदरीची, धरणाच्या कडंला जलम गेला, पर काठ नसलेलं पाणी पहिल्यांदा बघितलं. त्याच्यावर बोट ठिवलं तर लिवलेलं, वस्ती करता येत न्हाई. मी म्हणले, मला कुठं वस्ती करायचीय, बघू तर दे. मग एक विझलेला सूर्य लागला. त्याच्याभोवती चार गोळे अजून फिरायलेत, त्यांना कुणी सांगितलंच न्हाई का काय. तितं मी दोन डाव उगंच थांबले. कामून थांबले ते इचारू नको.

एक जहाज सगळ्यात पुढं गेलंय. जुनंच हाय, पहिल्या दिसाचं. त्याला मी काही नाव दिलेलं न्हाई, नावं संपली म्हणले ना. त्याच्याम्होरं रोज थोडं थोडं काळं सरकतंय. सकाळी उठले की पहिलं तेच बघते. चहा मागून.

सुभेदारांचं काय चाललंय ते मी बघितलेलं न्हाई अन् बघणार बी न्हाई. तुजी पोरं उठून गेली ती कामून गेली ते मला आता कळायलंय. ती बिचारी सुभेदारांचे हिशोब घेत बसली असतील.

हुरडा झाला. तुमच्यासाठी ज्वारीची कणसं ठिवली होती, शेळीनं खाल्ली. पुढच्या साली. माया असू दे, जास्तीची मागत न्हाई.

तुजी सासू
दैवशाला


पूर्णा
२० फेब्रुवारी २०२६

॥ श्री गणेश ॥

गं. भा. दैवशालाबाईंस, कस्तुराबाईचा नमस्कार वि. वि.

हे पत्र तीनदा फाडून पुन्हा लिहितेय. आधी सगळं वाचा, मग काय बोलायचं ते बोला.

संक्रांतीनंतर मी खेळ उघडला तर रेघ रिकामी. साठातलं एक जहाज नाही. मी ह्यांना बोलावून दाखवलं. हे म्हणाले, वऱ्हाड रुसून परत गेलं. तू गूळपाणी दिलं नाहीस, फाटकाचं पुन्हा काढलंस, त्या गेल्या. मला रात्रभर चैन पडली नाही. लग्नात एकदा तुमचं मन दुखलं होतं, ते सावरता आलं नाही. आता परत तेच. माझ्या आईनं सांगितलं होतं, पोराकडची माणसं रुसून निघाली तर पोरीच्या आईनं मान ठेवायचा नाही, मागून जायचं, हात धरून परत आणायचं.

म्हणून मी माझी सगळी जहाजं घेतली आणि तुमच्या मागं निघाले. विश्वास ठेवा, समजूत काढायलाच निघाले होते. तुम्ही कुठं गेलात ते माहीत नाही, म्हणून मी तुमच्या एकेका चांदणीवर थांबून बघत गेले, दैवशालाबाई इथं आहेत का, तिथं आहेत का. प्रत्येक ठिकाणी कुणीच नाही. दार सताड उघडं. मी पुढच्या घरी. ज्ञानेश्वरीनं सांगितलेला नियम माझ्या डोक्यातच राहिला नाही. लक्षातच आलं नाही की माझं जहाज उभं राहिलं की घर माझं होतंय. मला वाटलं, मी नुसती विचारपूस करतेय.

काल सकाळी पडद्यावर फटाके उडाले. लिहून आलं, कस्तुराबाई विजयी. मी ह्यांना विचारलं, कशात विजयी? ह्यांनी बघितलं आणि खुर्चीत बसले. म्हणाले, अगं, तू विहिणीचं अख्खं राज्य घेतलंस.

परत द्यायची कळ कुठं दिसत नाही. सगळं दाबून बघितलं. घेतलेलं परत देता येत नाही असला कसला खेळ माझ्या लेकीनं केलाय?

राग आला असेल तर बोला, पण बोला. तुमच्या दोनशे चाळीस चांदण्यांवर झाडलोट करून ठेवलीय. तुमच्या सुभेदारांत अजून एक तोफावाला निघाला, त्यालाही मी काढून टाकला.

लोभाला पात्र नाही, तरी तो कमी करू नका.

सौ. कस्तुराबाई


येलदरी
२५ फेब्रुवारी २०२६

॥ श्री ॥

चि. सौ. ज्ञानेश्वरीस आशीर्वाद वि. वि.

तुज्या आईचं पत्र आलं. मी वाचून एवढी हासले की शेजारची सरजाबाई धावत आली, हिला काय झालं म्हून. जगात कुणी कुणाचं राज्य समजूत काढता काढता घेतलं असंल का? त्यांना मी वायलं पत्र लिवीन. राग तर मला चिमूटभर न्हाई त्यांच्यावर.

माजा राग तुज्यावर हाय.

तुजी आई जिंकली त्या दिशी मी चुलीवर भाकर टाकून डाव खेळायला बसले. माजं ते पुढचं जहाज एका ठिकाणी पोचलं होतं. म्होरल्या काळ्यात काहीतरी पांढुरकं दिसायलं होतं. ढग का धूर का पाणी, कळंना. एक डाव खेळला असता तर झाकण सरकलं असतं. मी बोट ठिवलं, अन् पडदा काळा झाला. वर लिवून आलं, आपलं राज्य संपलं. खेळ समाप्त.

कुणी सांगितलं समाप्त? राज्य गेलं तर गेलं. चांदण्या गेल्या, सुभेदार गेले, बरं झालं. पर माजं जहाज चालू होतं का न्हाई? ते काही बुडलं न्हाई, कुणी फोडलं न्हाई, वाटंनं धड चाललं होतं. घर उरलं न्हाई म्हून चालणाऱ्याला थांब म्हणणारी तुजी मशीन कोण? हे कुण्या माणसानं लिवलं असंल तर त्याला माज्याकडं धाड. तूच लिवलं असशील तर तूच ये.

योगीराजचे बाप गेले तवा बी लोकांनी माज्या तोंडाकडं असंच बघितलं होतं, जसं काही पडद्यावर लिवून आलं. मी दुसऱ्या हप्त्यात तुरीच्या रानात होते. हे तुला सांगायचं नव्हतं, रागात आलं.

ते पांढुरकं काय होतं? मला तेवढंच बघायचंय. तुजं आभाळ गुंडाळायचं असंल तर गुंडाळा, पर त्याच्या आधी मला तेवढं दाखव. भाकर करपली ती वायलीच.

तुजी सासू
दैवशाला


पुणे
२१ मार्च २०२६

ती. आत्याबाईंना सा. न. वि. वि.

पाडव्याच्या शुभेच्छा दोन दिवस उशिरा पाठवतेय. झोप नीट झाली नव्हती, आता झाली.

तो नियम मीच लिहिला होता. तुमचं पत्र वाचल्यावर मी हापिसात जाऊन तो उघडून बघितला. एवढुसा होता. चांदण्या शून्य, तर खेळ बंद. दोन वर्षांत माझ्या मनात कधी आलंच नाही की चांदण्या शून्य झाल्यावरही कुणाला पुढं जायचं असेल. काढायला एक मिनिट लागलं. पण मग राज्यच नाही तर जहाजाला इंधन कुठून मिळणार, त्याची खबर कुणाकडं जाणार, ते जुळवायला तीन आठवडे गेले. आता जहाज ज्या सूर्याजवळून जाईल त्याच्याकडून घेत जाईल. खबर कुणाला द्यायची नाही. जे दिसेल ते तुम्हालाच.

तुमचा खेळ मी बंद पडला होता तिथूनच पुन्हा सुरू केलाय. ते पांढुरकं काय आहे ते मी बघितलेलं नाही, मुद्दाम.

आता पाडव्याचं सांगते. नागसेन सरांनी विचारलं, तुझ्या दोघी बायकांनी खेळ शेवटाला नेला का? मला खोटं बोलवेना. मी म्हटलं, नाही सर. एक जिंकल्यात आणि जिंकलेलं परत कसं द्यायचं ते रोज विचारतात. दुसऱ्या सगळं हरल्यात आणि उठायला तयार नाहीत. मी त्यांना तुमचं जहाज दाखवलं. मागं राज्य नाही, पुढं सगळं काळं. सरांनी टॅब हातात घेतला आणि तुमच्या खेळाच्या प्रतीवर एक डाव खेळले, मी तेव्हाही पडद्याकडं बघितलं नाही. मग अजून एक. बैठकीला सहा माणसं होती, सगळी थांबून राहिली. चहा आला आणि थंड झाला. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, हे काढायचं नाही.

मोठं आभाळ राहिलं, आत्याबाई. सुभेदार मात्र सगळे नव्यानं लिहायचेत, ते अगदीच टाकाऊ निघाले. आईकडं गेलेल्या चांदण्या तुम्हाला परत करता येतील अशी कळही बसवलीय. सांगितलंत तर आजच करते.

तुम्ही रागात लिहिलेलं ह्यांना दाखवलं. पुढच्या शनिवारी येलदरीला यायचं तिकीट काढलंय दोघांनी.

माया होतीच. आता तिच्यावर हक्क सांगते.

तुमची
ज्ञानेश्वरी


येलदरी
३० मार्च २०२६

॥ श्री ॥

सौ. कस्तुराबाई विहीणबाईंस, दैवशालाचा रामराम वि. वि.

लेकरं येऊन गेली. लेक तुमची वाळलीय, खायला घालून धाडली. दोघांचे दोन दिस माज्या पडद्यात डोकं घालण्यात गेले. मी सैपाक करायले अन् ती दोघं माजा डाव बघायलेत, असं उलटं झालं.

तुमी चांदण्या परत करायच्या म्हणता. ज्ञानेश्वरी बी म्हणली, कळ बसवलीय, एकदा दाबली की झालं. मी तिचा हात धरला. विहीणबाई, पाया पडते, परत करू नका. दोनशे चाळीस घरच्या चुली तुमच्याच हातात शोभतेत. तुमाला झाडलोट आवडती, मला आवडत न्हाई. योगीराजला इचारा.

तुमी मागच्या पत्रात इचारलं, तितं काय दिसलं. नुसतं विजयी होऊन बसलेय, सगळं माजंच हाय, मग बघायला काय उरलं न्हाई, असं लिवलंत तुमी. वाचून जिवाला लागलं. म्हून सांगते.

ते पांढुरकं म्हंजी चांदण्याच होत्या. लय बारीक, राळ्याची रास सांडल्यावानी, मोजायची सोय न्हाई. लांबून एकच धूर दिसायलेला, जवळ गेल्यावर एकेक सुटी झाली. मी ज्ञानेश्वरीला हाक मारली. ती पीठाच्या हातानं आली अन् पडद्याकडं बघतच ऱ्हायली. मी इचारलं, हे तू ठिवलंस का? ती म्हणली, न्हाई आत्याबाई, मला म्हाईतच नव्हतं हे हितं हाय. तिच्या गालाला पीठ लागलेलं, ते मी पुसलं न्हाई.

त्यातली एक बी माजी न्हाई अन् मला करायची न्हाई. आता मी तिच्यातून चाललेय. पलीकडून परत काळं दिसायलंय.

तुमची पन्नास जहाजं हायेत, त्यातलं एक सोडा की. राखण बिखण काही नको, कोण येणार हाय घ्यायला, दुसरं कुणी उरलंच न्हाई आभाळात. व्याह्यांना म्हणावं, सिग्नल हिरवा हाय. माजी वाट बघत बसू नका, मी थांबणारी न्हाई. पर जिथून जाते तितं उजेड पडून ऱ्हातो म्हणं, त्यावरून माग काढत या.

आता पुरं करते. डाव ऱ्हायलाय.

तुमच्यावर होती तेवढीच माया करणारी, अन् तेवढंच चिडवणारी,
दैवशाला